घर पाहावे बांधून : आठ बाय चारचे गणित

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉनकॉर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे एक तळे आहे. १८४५ सालच्या मार्चअखेरीस हेन्री डेव्हिड थोरो हा सत्तावीस वर्षांचा तरुण उसनी कुऱ्हाड घेऊन या तळ्याकाठी पोहोचला आणि पाइनची झाडे तोडू लागला. त्याला एक खोपट बांधायचे होते. लांबी पंधरा फूट, रुंदी दहा फूट. खांब आणि तुळया त्याने जंगलातल्या लाकडातून घडवल्या. फळ्यांसाठी मात्र त्याने वेगळी युक्ती केली. रेल्वेच्या कामावर आलेल्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि ती मोडून फळ्या तळ्याकाठी वाहून नेल्या.

त्या झोपडीचे थोरोने केलेले वर्णन घर बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखे आहे. आत अंधार, ओल आणि बहुतेक सगळी मातीचीच जमीन. कुठेतरी एखादी फळी, तीही अशी की उचलायला गेले तर हातातच तुटायची. बाहेर काढलेल्या फळ्या थोरोने गवतावर उन्हात पसरल्या, म्हणजे त्या वाळाव्यात आणि वाकल्या असतील तर सरळ व्हाव्यात. तो गाडी घेऊन ये-जा करीत असताना एका शेजाऱ्याने उपटलेल्या खिळ्यांपैकी सरळ आणि चांगले तेवढे निवडून खिशात घातले. बांधकामाच्या जागेवरून खिळे नाहीसे होणे ही गोष्ट जगात सगळीकडे सारखीच म्हणायची!

४ जुलै १८४५ रोजी थोरो त्या घरात राहायला गेला. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, त्यात फळ्यांचा वाटा आठ डॉलर साडेतीन सेंट. कायदेभंगावरचा थोरोचा जो निबंध गांधीजींच्या वाचनात आला, तो निबंध नंतरचा; खोपट आधीचे.

पण आजचा विषय थोरोचे विचार नसून त्याच्या पायाखालची जमीन हा आहे. लाकडी खोलीत आपण ज्या जमिनीवर चालतो तिच्याखाली आणखी एक जमीन असते. वर गुळगुळीत लाकडी पट्ट्या असोत, व्हिनाइल असो की नुसते जाजम, खाली कड्यांवर ठोकलेला एक भक्कम थर असतो. अमेरिकेत त्याला 'सबफ्लोअर' म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना ही रचना नवी नाही. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, म्हणूनच ते कडीपाटाचे घर. वाड्यातल्या पाटावर माती-चुन्याचा थर येई, इथे दुसरे काही येते, एवढाच फरक.

थोरोच्या काळात हे पाट एकेक फळी करून ठोकावे लागत. एक फळी नऊ इंचांची, दुसरी सात, तिसरीला गाठ, चौथी वाकडी. सुताराचे डोळे आणि धीर दोन्ही पणाला लागत. १९०५ साली ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात भरलेल्या प्रदर्शनात तिथल्या एका कारखान्याने डग्लस फर लाकडाचे प्लायवुड मांडले. १९२८ मध्ये अमेरिकेत आठ फूट बाय चार फूट हा ठरीव आकार बाजारात आला आणि १९३४ मध्ये पाण्यात न सुटणारा गोंद सापडल्यावर प्लायवुड बांधकामात बिनधास्त वापरता येऊ लागले. तोच आठ बाय चारचा आकार आज आपल्याकडच्या कोणत्याही प्लायच्या दुकानात मिळतो. बिलावर २४४० बाय १२२० मिलिमीटर लिहिलेले असते, पण दुकानदार आणि मिस्त्री दोघेही 'आठ-चारची' असेच म्हणतात.

शेताच्या बांधावर, फळबागेत किंवा गावाकडच्या वडिलोपार्जित जागेत एक छोटी लाकडी खोली असावी, शनिवार-रविवार तिथे जावे, ही हौस आता आपल्याकडेही बरीच दिसते. परवानगीचे कागद आधी, हे सांगायला नकोच. कागद झाले की चर्चा सुरू होते ती छपराची, खिडक्यांची, ओसरीची. जमिनीबद्दल कोणी बोलत नाही. 'मिस्त्री, प्लाय टाका,' एवढ्यावर काम भागते. आणि मग तीन-चार वर्षांनी रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या पायाखाली जमीन करकरते, एका जागी दबते, फरशीचा सांधा उघडतो. तोपर्यंत वर भिंती, कपाटे, पलंग सगळे आलेले असते. छपराची गळती वरून दिसते आणि वरून काढता येते. ही चूक मात्र काढायची तर घर रिकामे करावे लागते.

सहा शीटची खोली

समजा, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना अशी खोली बांधायची आहे. मनात आकडा ठरलेला आहे, अकरा बाय चौदा. का, तर जागेत तेवढी छान बसते आणि 'जरा लहान केली तर प्लाय कमी लागेल'. क्षेत्रफळ १५४ चौरस फूट. एका शीटचे ३२. भागाकार केला तर पाच शीटमध्ये काम व्हायला हवे.

होत नाही. अकरा फुटांची रुंदी भरायला चार, चार आणि तीन फुटांच्या रांगा लागतात. तिसऱ्या रांगेसाठी प्रत्येक शीटची फूटभर रुंदीची पट्टी कापून बाजूला टाकावी लागते. लांबीत आठ अधिक सहा, म्हणजे दोन फुटांचा तुकडा पुन्हा वेगळा. सगळे जुळवून मोजले की सहा शीट लागतात. आता हीच खोली बारा बाय सोळा केली तर? चार-चार फुटांच्या तीन रांगा, प्रत्येक रांगेत आठ-आठच्या दोन. सहा शीट! तेवढ्याच प्लायमध्ये काकांना ३८ चौरस फूट जागा जास्त मिळाली. इकडे मधल्या रांगेपुरती एकच शीट अर्धी कापायची, त्याचे दोन्ही तुकडे वापरले जातात आणि भुसा सोडला तर वाया काहीच जात नाही.

थोरोच्या दहा बाय पंधराचा हिशेबही वाईट नाही. दोन रांगा चार फुटांच्या आणि एक दोन फुटांची. दोन फुटांच्या रांगेसाठी एकच शीट उभी चिरली की दोन लांब पट्ट्या निघतात. पाच शीटमध्ये खोली होते आणि वाया जाते ते जेमतेम दहा चौरस फूट. त्याच्या वेळी शीट नव्हती हा भाग निराळा.

म्हणून सांगायचे ते असे, की खोलीचे माप कागदावर नक्की करण्यापूर्वी चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरून आठ-चारचे आयत मांडून पाहावेत. काकूंना शिवणाचा अनुभव असेल तर त्यांच्याकडे वही द्यावी. पन्ह्याच्या मापात कपडा बेतायची ज्यांना सवय असते त्यांना हे गणित फार लवकर जमते.

पहिल्या कडीची गफलत

खरी मेख कड्यांच्या अंतरात आहे. बारा बाय सोळाच्या खोलीत कड्या बारा फुटांच्या दिशेने टाकायच्या आणि मधोमध एक तुळई द्यायची, म्हणजे कडीचा गाळा सहा फुटांवर येतो. दोन कड्यांमधले अंतर सोळा इंच. हा आकडा कोणी सहज ठरवलेला नाही. आठ फूट म्हणजे शहाण्णव इंच, सोळाने भागले की बरोबर सहा गाळे. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, तिथे तीन गाळे. म्हणजे पूर्ण शीट असो की अर्धी, तिचे टोक कडीवरच येते. अमेरिकेत मिळणाऱ्या मोजपट्टीवर दर सोळा इंचांवर तांबडी खूण छापलेली असते. तिच्यावर १९.२ इंचांवर एक छोटासा काळा शंकरपाळाही असतो, तो काय आहे हे पुष्कळांना कळतच नाही. आठ फुटांत सहाऐवजी पाच गाळे पाडायचे असतील तर त्याची ती खूण.

आता गफलत कुठे होते ते पाहू. मिस्त्री पहिली कडी चौकटीच्या टोकाला लावतो. मग तिच्या मध्यापासून सोळा इंच मोजून दुसरी, तिच्या मध्यापासून सोळा मोजून तिसरी. सगळे अगदी नेमके. पण शीटचे टोक पहिल्या कडीच्या मध्यावर बसणार नसते, ते तिच्या बाहेरच्या कडेला बसणार असते. कडी दोन इंच जाड असेल तर सगळ्या कड्या एकेक इंच पुढे सरकल्या. आठ फुटांवरच्या कडीचा मध्य शहाण्णवऐवजी सत्त्याण्णव इंचांवर आला. म्हणजे कडी सुरूच होते शहाण्णव इंचांवर, आणि शीट संपते तीही शहाण्णव इंचांवर. शीटच्या टोकाखाली सुतभरही आधार नाही!

उपाय सोपा आहे. मोजपट्टी चौकटीच्या अगदी बाहेरच्या कडेला लावायची आणि तिथून सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस अशा सलग खुणा करायच्या. प्रत्येक खूण म्हणजे कडीचा मध्य. पट्टी एकदा लावली की शेवटपर्यंत उचलायची नाही, नाहीतर दर वेळी अर्धा सूत इकडेतिकडे होऊन बाराव्या गाळ्यापर्यंत पाऊण इंचाचा घोळ होतो. पहिला गाळा बाकीच्यांपेक्षा अरुंद दिसतो. तो तसाच दिसला पाहिजे. 'मिस्त्री, हा गाळा लहान का?' असे विचारून काकांनी तो 'सुधारून' घेऊ नये.

नकाशा मिलिमीटरमध्ये काढलेला असेल तर दुसरा एक खड्डा आहे. सोळा इंच म्हणजे ४०६ मिलिमीटरच्या थोडे वर. नकाशा काढणारा तो आकडा गोळाबेरीज करून ४०० लिहितो. सहा गाळ्यांचे झाले २४००, आणि शीट आहे २४४० ची. चाळीस मिलिमीटर जास्त. पन्नास मिलिमीटर जाडीची कडी मध्याच्या दोन्ही बाजूंना पंचवीसच भरते, म्हणजे शीटचे टोक कडी ओलांडून पंधरा मिलिमीटर अधांतरी लोंबते. मग प्रत्येक शीट कापत बसा. कागदावर इंच असोत की मिलिमीटर, शीटच्या लांबीला सहाने भागून येईल तेच अंतर खरे.

कड्या ठोकण्यापूर्वी चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहावे लागते. बारा बाय सोळाच्या मापाचा इथे आणखी एक फायदा. शाळेतल्या तीन-चार-पाचच्या त्रिकोणाची आठवण असेल तर त्याला चारने गुणा, बारा, सोळा आणि वीस. चौकटीचे दोन्ही कर्ण बरोबर वीस-वीस फूट भरले की कोपरे काटकोनात आहेत असे समजावे. एक कर्ण इंचभर जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी हातोड्याने ठोकून चौकट सरकवायची. हे काम शीट बसवण्याआधी पाच मिनिटांचे असते. नंतर त्याला इलाज नाही, कारण शीट कारखान्यातून काटकोनात आलेली असते आणि ती वाकड्या चौकटीशी जुळवून घेत नाही.

आडवी की उभी?

प्लायवुड म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे थर, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे. शीटच्या दोन्ही चेहऱ्यांवरचे तंतू सहसा आठ फुटांच्या दिशेने जातात, म्हणून त्या दिशेने ती वाकायला कठीण असते. वर्तमानपत्राची पट्टी एका बाजूने सरळ फाटते आणि दुसऱ्या बाजूने वाकडीतिकडी, तसाच हा तंतूंचा स्वभाव. शीटची आठ फुटी बाजू कड्यांना आडवी जाईल अशीच ती ठेवायची, कड्यांच्या समांतर नव्हे. एक शीट मग सात कड्यांवर विसावते. दुकानातून आणलेल्या शीटवर तंतू खरोखर लांबीच्या दिशेने आहेत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. कधी कधी उलट्या तंतूंची शीटही निघते.

पहिली रांग कडेला टेकवून सुरू करण्याचा मोह होतो. पण कडेची फळी थोडीफार वाकडी असतेच, आणि पहिली रांग वाकडी गेली की तिसऱ्या रांगेत बोट जाईल एवढी फट पडते. अनुभवी मिस्त्री दोन्ही टोकांना कडेपासून चार फूट मोजून खूण करतो, गेरूत बुडवलेली दोरी ताणतो आणि सगळ्या कड्यांवर एकच तांबडी रेघ मारतो. पहिल्या रांगेची आतली बाजू त्या रेघेला लागते. बाहेर एखादा सूत पुढेमागे झाला तर भिंतीखाली झाकला जातो.

दुसरी रांग अर्ध्या शीटने सुरू करायची. पहिल्या आणि तिसऱ्या रांगेचा सांधा आठ फुटांवर, तर मधल्या रांगेचे सांधे चार आणि बारा फुटांवर. गवंडी विटांची सांधेमोड करतो तीच ही गोष्ट. चार शीटचे कोपरे एका बिंदूवर आले तर ती जागा सगळ्यांत दुबळी होते, आणि वर फरशी आली की पहिली भेग नेमकी तिथे जाते.

शीट एकमेकींना घट्ट भिडवून बसवणे हे चांगल्या कारागिराचे लक्षण वाटते. इथे ते चुकीचे आहे. लाकूड दमट हवेत फुगते. सगळ्या बाजूंनी कोंडलेली शीट फुगली तर जाणार कुठे? सांध्यावर उंचवटा येतो. अमेरिकेतले प्लायवुड उत्पादक दोन शीटमध्ये एक अष्टमांश इंच फट ठेवायला सांगतात, म्हणजे आपल्या मिस्त्रीच्या भाषेत बरोबर एक सूत. तेवढ्या जाडीचा खिळा सांध्यात उभा धरून शीट बसवायची आणि खिळा काढून घ्यायचा. या फटींमुळे शेवटची शीट एक-दोन सूत बाहेर येते, तेवढी कापून टाकावी.

लांब बाजूंचे सांधे कड्यांच्या मधल्या गाळ्यात अधांतरी असतात, कारण तिथे खाली कडी नसते, फक्त कड्या त्यांना ओलांडून जातात. अमेरिकेत यासाठी खाचा-जीभ पाडलेल्या शीट मिळतात, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत शिरते आणि दोघी एकत्र दबतात. त्या ठोकून बसवताना खाचेच्या बाजूला लाकडाचा तुकडा धरून त्यावर घण घालतात, जिभेवर घाव घातला तर ती फुटते. आपल्याकडे सरळ कडेची प्लायच सर्रास मिळते. तेव्हा सांध्याच्या रेघेवर प्रत्येक दोन कड्यांमध्ये लाकडी ठोकळा ठोकून घ्यायचा. बारा बाय सोळाच्या खोलीत दोन सांधे आणि बारा गाळे, म्हणजे चोवीस ठोकळे. कंटाळवाणे काम आहे आणि 'याची काय गरज आहे साहेब' हे वाक्य इथे हमखास ऐकू येते. गरज आहे. पलंगाचा पाय किंवा काकूंच्या शिवणयंत्राचा पाय नेमका त्या सांध्याजवळ आला की कळते.

करकर कुठून येते

लाकडी जमिनीची करकर म्हणजे भुताटकी नव्हे. ओले लाकूड वाळून आकसते, कडी आणि प्लाय यांच्यात केसभर जागा पडते, आणि पाय पडला की प्लाय खिळ्यावरून वर-खाली घासते. तो आवाज लाकडाचा आणि खिळ्याचा. म्हणून कड्यांचे लाकूड वाळलेले हवे, कडीच्या माथ्यावर बांधकामाच्या चिकट गोंदाची एक सलग रेघ हवी, आणि गुळगुळीत खिळ्यांऐवजी कंगोऱ्यांचे खिळे किंवा स्क्रू हवेत. गोंद पाण्याला दाद न देणारा असावा. शीटच्या कडेला दर सहा इंचांवर आणि मधल्या कड्यांवर दर बारा इंचांवर खिळा, हे नेहमीचे प्रमाण. गोंद एका वेळी एका शीटपुरताच लावायचा. चहाची वेळ झाली म्हणून गोंद लावून सगळे उठून गेले तर परत येईपर्यंत त्यावर साय धरते आणि मग तो चिकटत नाही.

प्लाय किती जाड असावी? सोळा इंचांच्या गाळ्याला १८ किंवा १९ मिलिमीटर. आपल्या देशात राहत्या खोल्यांच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आराखडा करायचा असतो, अमेरिकेतला आकडाही जवळपास तोच आहे. बारा बाय सोळाच्या खोलीला हे साडेतीन टनांहून अधिक होते. ऐकायला फार वाटते, पण घरी सत्यनारायण असला आणि पन्नासएक माणसे प्रसादाला आत आली की काकांना तो आकडा फार वाटणार नाही.

या सगळ्यात माणूस जखमी होण्याची एक जागा आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. शीट कड्यांवर नुसती ठेवलेली, खिळे अजून मारायचे आहेत, तिचे एक टोक शेवटच्या कडीच्या पुढे फूटभर आले आहे. वरून ती अगदी पक्क्या जमिनीसारखी दिसते. त्या टोकावर कोणी पाय ठेवला की शीट तराफ्यासारखी उलटते आणि माणूस कड्यांमधून खाली जातो. जमीन दोन फुटांवर असली तरी मांडी कडीवर आपटते, आणि उतारावरच्या खोलीत एका बाजूला हीच उंची सहा-सात फूट असू शकते. नातवंडे काम बघायला आलेली असतील तर त्यांना पहिली ओढ या 'स्टेज'ची वाटते. ठेवलेली शीट लगेच चारी कोपऱ्यांवर ठोकून टाकावी, बाकीचे खिळे सावकाश मारता येतात. एक शीट पस्तीस-चाळीस किलोंची असते. ती दोघांनी उचलायची, आणि वारा असेल तेव्हा उभी धरून चालायचे नाही, शिडासारखी ती माणसालाच घेऊन जाते.

पाणी

लाकडी जमिनीचा खरा शत्रू खालून येतो. मातीतली ओल वर चढते आणि कोंडलेल्या जागेत प्लायच्या पोटाला लागते. अमेरिकेतला बांधकामाचा नियम असा की साध्या, प्रक्रिया न केलेल्या लाकडाच्या कड्या उघड्या मातीपासून किमान अठरा इंच वर हव्यात. कोकण किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात ही उंची दोन-अडीच फूट ठेवली तर बिघडत नाही. वारा आरपार जाईल अशा झडपा चारी बाजूंना ठेवाव्यात, त्यांना उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी लावावी. खांबाचा लाकडी पाय मातीत पुरू नये, सिमेंटच्या ठोकळ्यावर लोखंडी पट्टीने धरावा, म्हणजे वाळवीला वर येण्याचा रस्ता उघड्यावरून जातो आणि तिची मातीची नळी डोळ्यांना दिसते.

प्लाय घेताना आयएसआयची खूण पाहावी. कपाटासाठी चालणारी साधी प्लाय जमिनीखाली चालत नाही. आयएस ७१० या क्रमांकाची मरीन प्लाय महाग पडते, पण सहाच शीटचा प्रश्न असतो. कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमरचा हात मारून घ्यावा, कारण पाणी चेहऱ्यातून कमी आणि कडेतून जास्त शिरते. अमेरिकेत प्लायऐवजी लाकडाच्या चपट्या कपच्या दाबून केलेले ओएसबी नावाचे तक्ते जास्त वापरतात. त्यांच्या कडा पाण्याने विशेष फुगतात, आणि एकदा फुगलेली कड वाळली तरी पूर्वीइतकी खाली बसत नाही.

लाकडी कड्यांऐवजी लोखंडी चॅनलची चौकट करणारे फॅब्रिकेटरही आता बरेच आहेत. त्यांनाही हेच गणित लागू आहे, उलट जास्तच. लाकडी कडी चुकली तर शेजारी दुसरी पट्टी ठोकून शीटला आधार देता येतो. वेल्डिंग झाल्यावर आडवा चॅनल इंचभर सरकवायचा तर ग्राइंडर काढावा लागतो. म्हणून फॅब्रिकेटरला नुसती लांबी-रुंदी न सांगता शीटच्या मांडणीचा कागदच हातात द्यावा.

हंगाम कोणता? जमीन टाकणे आणि छप्पर चढवणे यांच्यात जितके दिवस जातील तितका धोका. मेच्या शेवटच्या आठवड्यात प्लाय ठोकली आणि छपराचे पत्रे यायला उशीर झाला, तर पहिला वळीव थेट त्या नव्या जमिनीवर पडतो. पाणी कुठे साचलेले दिसलेच तर तिथे बारीक भोक पाडून ते खाली जाऊ द्यावे, भोक नंतर बुजवता येते. ताडपत्री अंथरायची असेल तर मधे काही तरी उंच ठेवून तंबूसारखी ताणावी. सपाट अंथरली की वरचे पाणी आणि खालचा दमटपणा दोन्ही कोंडतात.

शेवटचा खिळा मारून झाला की गेरूची दोरी पुन्हा एकदा काढावी आणि खालच्या कड्या जिथून जातात तिथे प्लायच्या वरच्या अंगावर रेघा मारून ठेवाव्यात. पुढे भिंतींची चौकट याच जमिनीवर आडवी जोडून उभी करायची असते, तिचे स्क्रू कुठे मारायचे हे त्या रेघा सांगतात. वरची फरशी येण्यापूर्वी या रेघांचा एक फोटो काढून घरच्या कागदपत्रांत ठेवावा. आणि मग काकूंनी एक फेरी मारावी, चपला काढून, अनवाणी, भिंतीकडून भिंतीकडे, सांध्यासांध्यावर थांबत. जिथे पायाला हलके वाटेल तिथे खडूने फुली करावी आणि मिस्त्रींना म्हणावे, 'इथे दोन स्क्रू आणखी मारा, मग चहा.'